गुंड्याची टाळू आणि शंटचा निर्णय

पत्र:

"नमस्कार डॉक्टर. आमचा गुंड्या साडेपाच महिन्यांचा टॉय पॉमेरेनियन आहे, वजन १ किलो ६०० ग्रॅम. आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. पाच आठवड्यांचा असताना त्याला आणला, तेव्हापासून डोकं फुगीर आहे. सगळे म्हणायचे, काय गोड दिसतो. टाळू अजून मऊ आहे, सासूबाई रोज त्यावर खोबरेल घालून चोळतात. गेल्या महिन्यात त्याला दोनदा फिट आली. चालताना डावीकडेच गोल फिरतो. सोफ्याच्या मागच्या कोपऱ्यात शिरला की उलटं यायचं त्याला सुचतच नाही, तिथंच उभा राहून रडतो. शू-शीची जागा अजून कळलेली नाही. इथल्या डॉक्टरांनी टाळूवरून सोनोग्राफी केली आणि मेंदूत पाणी साठलंय म्हणाले. प्रेडनिसोलोन, ओमेप्राझोल आणि फिटची गोळी सुरू केल्यापासून जरा बरा आहे. पण पुण्याला नेऊन सीटी स्कॅन करा, शंट, म्हणजे मेंदूतलं पाणी पोटात सोडणारी नळी, बसवता येते का बघा, असं त्यांनी सांगितलंय. मिस्टर म्हणतात, एवढा खर्च करून गॅरंटी काय? विकणारा म्हणतो, परत आणून द्या, त्याच आईबापाचं दुसरं पिल्लू देतो. सासूबाई म्हणतात, मुक्या जिवाची चिरफाड नको. शेजारचे म्हणतात, सुईनं पाणी काढलं की झालं. मुलगी दहावीला आहे, पुस्तक मिटून त्याच्यापाशी बसलेली असते. काय करावं? — गुंड्याची आई"

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी शेजाऱ्यांची सुई बाजूला ठेवू. कुत्र्याच्या मेंदूत हे पाणी सतत तयार होत असतं, मिनिटाला साधारण ०.०५ मिलीलीटर, म्हणजे तासाला तीनेक मिलीलीटर. आज सुईनं काढलं तर उद्यापर्यंत पुन्हा तेवढंच. वर टाळूतून सुई घातली की रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग ही दोन दुखणी फुकट पदरात पडतात. दाब अचानक उतरला तर तेही जिवावर बेतू शकतं. जीव जायच्या बेतात असलेल्या पिल्लात तज्ज्ञ कधी कधी असं पाणी काढतात, पण ते वेळ मारून न्यायला. त्याला उपचार म्हणत नाहीत.

सासूबाईंच्या तेलाबद्दलही आत्ताच सांगून टाकतो. बाळाची टाळू तेलानं भरते हा आपल्याकडचा जुना समज, आणि त्यांच्या हाताला मायाच आहे. पण गुंड्याची टाळू तेलाअभावी उघडी राहिलेली नाही. तिथं हाडच नाही. कातडीखाली मेंदूची आवरणं आणि त्याखाली थेट मेंदू. चोळणं आजपासून बंद करा. मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवायला त्यांना सांगा, गुंड्याला तेवढंच सुख.

आता मूळ दुखण्याकडे. मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांत तयार होणारं पाणी एका पोकळीतून दुसरीत जातं, शेवटी मेंदू आणि मणक्यातल्या मज्जारज्जूच्या भोवती पसरतं आणि तिथून रक्तात शोषलं जातं. तिसऱ्या आणि चौथ्या पोकळीच्या मधला मार्ग फार अरुंद असतो. चिवावा, पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, पग, बुलडॉग अशा बुटक्या किंवा चपट्या तोंडाच्या जातींत बऱ्याचदा तोच मार्ग जन्मापासून बुजलेला किंवा फार चिंचोळा असतो. पाणी तयार होत राहतं, पुढं जाऊ शकत नाही, पोकळ्या फुगतात आणि भोवतीचा मेंदू आतून कवटीवर दाबला जाऊन पातळ होत जातो. तुमच्या खाण्यापिण्यात काही चुकलं, पडला, थंडी लागली, यातलं काहीही याचं कारण नाही. हा दोष तो घेऊनच आला.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. टाळू उघडी असणं म्हणजे आजार नव्हे. चिवावा, पॉम यांच्यात मोठेपणीही टाळू उघडी असलेली ठणठणीत कुत्री मी कितीतरी पाहिली आहेत. सोनोग्राफीत पोकळ्या मोठ्या दिसणं हासुद्धा एकट्यानं पुरेसा पुरावा नाही. लहान जातींत लक्षण एकही नसताना पोकळ्या मोठ्या सापडतात. डोक्याचा आकार बघून कुणी ऑपरेशन सुचवलं असतं तर मी तुम्हाला घरी बसा म्हटलं असतं. गुंड्याची गोष्ट वेगळी आहे. फिट, एकाच बाजूला गोल फिरणं, कोपऱ्यात अडकणं, साडेपाच महिन्यांनीही घरातलं साधं वळण न लागणं, ही सगळी लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवतात. त्याचे डोळे एकदा समोरून नीट बघा. बुबुळं खाली आणि बाहेरच्या कोपऱ्याकडे झुकलेली दिसली तर तेही डॉक्टरांना सांगा.

तरी पुण्याची गाडी धरण्याआधी कोल्हापुरातच दोन-तीन रक्ताच्या तपासण्या उरकून घ्या, असा माझा आग्रह आहे. दीड किलोच्या पिल्लात फिट येण्याची आणखी कारणं असतात. एक म्हणजे रक्तातली साखर उतरणं. इतक्या लहान जिवाजवळ साठा नसतो, एक जेवण चुकलं तरी तो लटपटतो. दुसरं, यकृताला बगल देऊन जाणारी जन्मजात रक्तवाहिनी. त्यात आतड्यातलं विषारी द्रव्य न गाळता मेंदूपर्यंत पोचतं, पिल्लू जेवणानंतर गुंगतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, फिटही येते. हासुद्धा लहान जातींचाच दोष, आणि मेंदूच्या पोकळ्या मोठ्या असलेल्या पिल्लात तो सोबतीला असू शकतो. उपाशीपोटी आणि जेवणानंतर पित्ताम्लांची तपासणी केली की त्याचा अंदाज येतो. तिसरं डिस्टेंपर, हा मेंदूपर्यंत जाणारा विषाणूचा आजार; लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांना दाखवा. यातलं काही निघालं तर सगळा हिशोबच बदलतो, आणि भूल देणाऱ्याला तर हे आधी कळायलाच हवं.

गोळ्यांचं म्हणाल तर प्रेडनिसोलोन हे त्यातलं मुख्य औषध. त्यानं पाणी तयार होण्याचा वेग कमी होतो असं मानतात, सूज उतरते, आणि बरीच पिल्लं काही दिवसांत तरतरीत दिसू लागतात. तुम्हाला दिसलेला फरक बहुधा त्याचाच. पण ते स्टेरॉइड आहे. भूक वाढते, पाणी जास्त पितो, शू जास्त होते (म्हणजे शू-शीच्या शिकवणीची आणखी वाट), स्नायू झडतात, जंतुसंसर्ग लवकर होतो. म्हणून बरं वाटलं की डॉक्टर डोस हळूहळू उतरवत कमीत कमी मात्रेवर आणतात. मनानं एकदम बंद करू नका. ओमेप्राझोलबद्दल प्रयोगशाळेतले जुने निष्कर्ष आशादायक होते, पण निरोगी कुत्र्यांना तोंडावाटे देऊन पाहिलं तेव्हा पाण्याचा वेग उतरला नाही. स्टेरॉइडबरोबर पोट सांभाळायला ते चालू असेल तर असू द्या, त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको. पाणी कमी व्हायला कुणी ॲसिटाझोलामाइड सुचवलं तर त्याचाही कुत्र्यांमधला अनुभव फारसा उत्साह वाढवणारा नाही. फिटची गोळी मात्र वेळच्या वेळी, घड्याळ लावून. एक डोस चुकला आणि त्याच रात्री फिट आली, असं दवाखान्यात नेहमी ऐकायला मिळतं.

काही पिल्लं निव्वळ गोळ्यांवर बरीच वर्षं काढतात. जरा मंद, जरा अडाणी, पण खातात, खेळतात, ओळखतात. काहींचा मात्र गोळीचा डोस उतरवला की त्रास उसळतो, किंवा डोस पूर्ण असतानाही ती घसरत जातात. ऑपरेशनचा विचार या दुसऱ्या गटासाठी, आणि तो लवकर करायचा असतो. कारण पातळ झालेला मेंदू पुन्हा पहिल्यासारखा जाड होईलच असं नाही. शंट दाब काढतो, झालेलं नुकसान पुसत नाही. वर्षभर गोळ्यांवर ओढून, डोळ्यांनी दिसेनासं झाल्यावर, दिवसाला चार फिट येऊ लागल्यावर शंट बसवला तर त्या शंटनं करायचं तरी काय?

शंट म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण 'मेंदूचं ऑपरेशन' म्हटलं की घरातल्यांच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र येतं. मेंदूचा कुठलाही भाग कापून काढत नाहीत. पिल्लाला पूर्ण भूल देतात. एका बाजूचे केस डोक्यापासून पोटापर्यंत काढतात. डोक्याच्या मागच्या-वरच्या भागात कवटीला एक बारीक भोक पाडून सिलिकॉनची मऊ नळी फुगलेल्या पोकळीत सरकवतात आणि हलू नये म्हणून टाक्यांनी बांधतात. ती नळी एका झडपेला जोडलेली असते. झडपेपासून दुसरी लांब नळी कातडीच्या खालून मान आणि छातीच्या बाजूनं थेट शेवटच्या बरगडीच्या मागं नेतात, आणि तिथं छोटा छेद घेऊन तिचं टोक पोटाच्या पोकळीत सोडतात. डोक्यात दाब ठराविक पातळीच्या वर गेला की झडप उघडते, जास्तीचं पाणी पोटात उतरतं आणि शरीर ते तिथं शोषून घेतं. गुंड्यासारखं वाढतं पिल्लू असेल तर पोटात नळीची लांबी मुद्दाम जास्त सोडतात, नाहीतर अंग वाढल्यावर टोक पोटातून बाहेर ओढलं जाईल. शेवटी एक्स-रे काढून नळी डोक्यापासून पोटापर्यंत कुठं मुडपली तर नाही ना ते बघतात.

शंट बसवून आलेली एक पगची मादी माझ्याकडे टाके बघायला यायची. डोक्यावरचे केस पुन्हा उगवल्यावर वरून काहीच दिसायचं नाही. कानाच्या मागं बोट फिरवलं की चिंचोक्याएवढी टणक गाठ लागायची, ती झडप. तिथून खाली मानेच्या बाजूनं बोट नेलं की कातडीखाली नळी हाताला लागे. मालकीण तपासणीच्या टेबलापाशी मला दरवेळी बजावायची, "डॉक्टर, मानेतून रक्त काढायचं तर दुसऱ्या बाजूनं हं." बाई बरोबर बोलत होती. तुम्हालाही हेच करायचं आहे: पुढं गुंड्याला कुणीही तपासो, शंट कुठल्या बाजूला आहे ते पहिल्या वाक्यात सांगायचं.

ही साधनं मुळात माणसांच्या लेकरांसाठी निघाली. १९५६ साली अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या एका तंत्रज्ञानं, डोक्यात पाणी साठणाऱ्या आपल्या मुलापायी, डॉक्टरांना हवी तशी सिलिकॉनची झडप घडवली. आपल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत असे हाताचे गुणी लोक अजून भेटतात, म्हणून मला ही हकिगत फार आवडते. आपल्या देशात उत्तर प्रदेशातल्या शहाजहानपूरला बनणारा छाब्रा शंट त्यामानानं खूप स्वस्त आहे. युगांडात १९५ मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, साधारण ३५ डॉलरचा हा शंट आणि ६५० डॉलरचा परदेशी शंट यांच्या वर्षभराच्या निकालात म्हणावा असा फरक आढळला नाही. तुम्हाला हे सांगण्याचं कारण एवढंच की सर्जनला 'कुठला शंट वापरणार आणि का' हे विचारायला संकोचू नका. महागाची पेटी म्हणजे जास्त आयुष्य, असं गणित इथं नाही. लहान बाळांचा, कमी जाडीच्या नळीचा शंट दीड किलोच्या पिल्लाला बसेल का, हा प्रश्न किमतीपेक्षा महत्त्वाचा आहे.

मिस्टरांना गॅरंटी हवी आहे. ती कुणीच देणार नाही, आणि कुणी दिलीच तर तिथून निघून या. पण आकडे देता येतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जन्मजात पाणी साठलेल्या ३० कुत्र्यांना आणि ६ मांजरांना असा पोटात सोडलेला शंट बसवला होता. कुत्री-मांजरं मिळून ७२ टक्क्यांत, म्हणजे ३६ पैकी २६ जनावरांत, लक्षणं सुधारली. ८ जनावरांना पुढं गुंतागुंत झाली, बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच. आणि १३ जनावरं या आजाराशी निगडित कारणानं गेली किंवा त्यांना शांतपणे झोपवावं लागलं. मिस्टरांना हे तिन्ही आकडे एकत्र वाचून दाखवा. पहिला आकडा तेवढा सांगून होकार मिळवलात, तर तिसऱ्या महिन्यात नळी तुंबल्यावर घरात भांडण होईल.

गुंतागुंत म्हणजे काय काय? नळी तुंबणं हे सगळ्यात नेहमीचं. मेंदूच्या टोकाला पेशी, रक्ताची गुठळी अडकते, किंवा पोटाच्या टोकाला चरबीचा पडदा गुंडाळतो. नळी मुडपते, सांध्यातून सुटते, जागेवरून सरकते. जंतुसंसर्ग झाला तर बहुतेक वेळा अख्खा शंट काढावा लागतो, अँटिबायोटिकवर ठेवून मग नवा. चौथी भानगड उलटी: पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून जातं, मेंदू एकदम आत खचतो आणि बाहेरच्या आवरणाखाली रक्त साठतं. मेंदूचा थर फारच पातळ उरलेल्या पिल्लात हा धोका मोठा, आणि सीटी हवी ती मुख्यतः यासाठीच. सोनोग्राफीनं पाणी आहे हे कळलं. मेंदू किती उरलाय, अडथळा कुठं आहे, सोबत आणखी काही दोष किंवा गाठ आहे का, हे सीटी किंवा एमआरआयशिवाय कळत नाही. दोन्हींत पर्याय मिळाला तर एमआरआय मेंदू जास्त बारकाईनं दाखवतो, पण वेळ जास्त लागतो, म्हणजे भूलही लांबते. दीड किलोच्या पिल्लात मी सीटीवर भागवलं तर वाईट वाटून घेणार नाही.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. सीटी करा. त्यात मेंदू बऱ्यापैकी जाड असेल, दुसरा मोठा दोष नसेल, आणि गोळ्यांवर गुंड्या जेमतेम टिकून असेल किंवा डोस उतरवताच घसरत असेल, तर शंटला हो म्हणा आणि लांबवू नका. गोळ्यांवर तो चांगला सुधारत राहिला, डोस उतरूनही फिट नाही, घरात रुळतोय, तर ऑपरेशन थांबवा, दर महिन्याला तपासा. आणि सीटीत मेंदू कागदाच्या जाडीचाच उरलेला दिसला, तर ऑपरेशनचा हट्ट मी स्वतः धरणार नाही.

पण या सगळ्याच्या आधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: नळी तुंबली तर दुसऱ्यांदा करायची तयारी आहे का? पैशाची आणि मनाचीही. पहिल्या ऑपरेशनची रक्कम कशीतरी उभी केली आणि दुसऱ्यासाठी काहीच उरलं नाही, अशा घरात पिल्लाचे हाल होतात आणि माणसांचेही. म्हणून सर्जनकडून लेखी अंदाज मागा, त्यात सीटी, भूल, शंट, दवाखान्यातला मुक्काम, पुढच्या तपासण्या सगळं वेगवेगळं लिहिलेलं असू दे, आणि शेवटची ओळ म्हणून 'पुन्हा उघडावं लागल्यास' हा आकडाही. आतापर्यंत किती कुत्र्यांना शंट बसवला, त्यातली वर्षानंतर किती ठीक आहेत, तुंबला तर रात्री फोन कोण उचलणार, हेही विचारा. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. ऑपरेशन करणारा माणूस कुठल्या शहरात बसतो हे बदलत असतं, म्हणून फोन करूनच निघा. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुमच्या पुण्याच्या वाटेवरच आहे, मुंबईला परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. तिथल्या शस्त्रक्रिया विभागात विचारलं तर सध्या हे काम कोण चांगलं करतं ते सांगतील.

प्रवासाचं आताच ठरवून ठेवा. पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, मध्ये रस्त्याची कामं असली तर वेळेचा भरवसा नाही. पहाटे निघा. भुलीसाठी उपाशी ठेवा असं सांगतील, पण एवढ्या लहान पिल्लाला रात्रभर कडकडीत उपाशी ठेवलं तर साखर उतरून वाटेतच फिट येईल. किती तास उपाशी ठेवायचं, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून आकड्यात विचारून घ्या. फिटची सकाळची गोळी द्यायची की नाही, हेही. मधाची छोटी बाटली जवळ असू द्या.

फिट आली तर काय, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. त्याला जमिनीवर, आडोशाला कशावर आपटणार नाही असा ठेवा, दिवा मंद करा, घड्याळ बघा. तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालायचं नाही. कांदा नाही, चप्पल नाही. एकानं मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. तो डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. पूर्ण शुद्धीवर आल्यावर हिरड्यांना थोडा मध. फिट पाच मिनिटांच्या पुढं गेली किंवा चोवीस तासांत दोन आल्या, तर वाट न बघता दवाखाना. घरी ठेवायला गुदद्वारातून किंवा नाकातून द्यायचं आपत्कालीन औषध मिळतं, ते डॉक्टरांकडून लिहून आणि शिकून घ्या. गणपतीत राजारामपुरीत डॉल्बी लागली की त्याला आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून, पंखा लावून ठेवा. शक्य असेल तर ते दिवस नातेवाइकांकडं एखाद्या शांत गावी काढा.

शंट बसवून आणलात तर गळ्यात पट्टा आयुष्यभर नाही, छातीचा हार्नेस. टाके निघेपर्यंत प्लॅस्टिकची कॉलर काढायची नाही, कितीही केविलवाणा बघू दे. मोठ्या कुत्र्याशी मस्ती बंद, सोफ्यावरून उडी बंद. आणि हे लक्षात ठेवा: सुधारलेला गुंड्या अचानक सुस्त झाला, उलट्या सुरू झाल्या, भिंतीला डोकं टेकवून उभा राहू लागला, पुन्हा गोल फिरू लागला, टाळू ताठ लागू लागली, तर शंट तुंबला असं समजून त्याच दिवशी सर्जनला फोन. ताप, जखमेतून पाणी, नळीच्या वाटेवर लाली दिसली तर जंतुसंसर्ग. 'उद्या बघू' हे यात चालत नाही.

विकणाऱ्याला दुसरं पिल्लू अजिबात मागू नका. हा दोष बऱ्याचदा घराण्यातून येतो, आणि तो तुम्हाला त्याच जोडीचं पिल्लू द्यायला निघालाय! परत नेलेल्या गुंड्यावर तो उपचार करेल, असं तुम्हाला खरंच वाटतं का? त्याला सोनोग्राफीचा रिपोर्ट पाठवा आणि ती जोडी पुन्हा लावू नको म्हणून स्पष्ट सांगा. गुंड्या पाच आठवड्यांचा असताना विकला, हेही नियमाबाहेरचंच आहे. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करावी लागते. पावती, चॅट जपून ठेवा. गुंड्याची पुढं कधीही वीण करायची नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

सासूबाईंच्या म्हणण्याला मी हसणार नाही. मुक्या जिवाची चिरफाड नको, यात खरी काळजी आहे. फक्त न कापताही त्याला रोज दुखू शकतं, हे त्यांना सांगा. कवटीतल्या वाढत्या दाबानं डोकं दुखतं, तो बोलत नाही एवढंच. आणि ऑपरेशन परवडलं नाही, किंवा सीटीत आशा दिसली नाही, म्हणून तुम्ही गोळ्यांवर सांभाळायचं ठरवलंत, तर तो निर्णयही तितकाच इमानदार आहे. कोल्हापुरात बहुतेक घरं तेच करतात, आणि नीट करतात. पुढं कधी फिटा थांबेनाशा झाल्या, खाणं सुटलं, तुम्हाला ओळखेनासा झाला, तर त्याला वेदनेशिवाय झोपवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. ती वेळ कुठली, याची खूण आत्ताच, घरातले सगळे शांत असताना, मिळून ठरवा. मुलीलाही त्यात बसवा. दहावीची आहे म्हणून तिला लांब ठेवलंत तर ती दाराआडून अर्धवट ऐकणार आणि जास्त घाबरणार. तिच्याकडं एक ठरलेलं काम द्या: फिटची वही. तारीख, वेळ, किती मिनिटं, त्याआधी काय खाल्लं, गोळी वेळेवर गेली का. रोज पाच मिनिटं, मग अभ्यासाला.

सीटी झाली की नुसता छापील रिपोर्ट घेऊन येऊ नका, मूळ चित्रांची सीडी किंवा लिंक मागून घ्या. दुसऱ्या सर्जनला दाखवायचं झालं तर तीच लागते, आणि गुंड्याला पुन्हा भूल द्यायची वेळ येत नाही.